मोजे वर ओढा, ओठ ताठ ठेवा : सावरण्याचे इंग्रजी वाक्प्रचार

सुमेधा_इचल

संध्याकाळी मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. इचलकरंजीतले सूत-कापडाच्या धंद्यातले लोक. कुणी हिशेब बघतो, कुणी निर्यातीचे कागद. बोलायची भीड लवकर चेपते, पण ईमेल लिहायला बसलं की हात अडतो. मग गाइड उघडतात. बाजारातल्या गाइडांत 'स्वतःला सावरणे, पुन्हा जोमाने प्रयत्न करणे' अशा एका मथळ्याखाली सगळं कोंबलेलं असतं : पुल युवरसेल्फ टुगेदर, पुल युवर सॉक्स अप, गेट अ ग्रिप, कीप अ स्टिफ अपर लिप, नकल डाउन, गर्ड युवर लॉइन्स, बाइट द बुलेट. समोर अर्थ एकच.

त्यातून काय होतं बघा. एकाच्या परदेशी गिऱ्हाइकाचे वडील वारले. याने अगदी मनापासून सांत्वनाचा मजकूर लिहिला आणि शेवटी घातलं, 'वुई होप यू विल सून पुल अप युवर सॉक्स.' पाठवायच्या आधी मला दाखवला, नाहीतर ऑर्डरवर पाणी सोडावं लागलं असतं.

गाइडाप्रमाणे अर्थ बरोबरच होता. पण हे वाक्य म्हणतं कोण आणि कुणाला? मोजे घोट्यावर लोंबत वर्गात आलेल्या पोराला मास्तर म्हणतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हा वाक्प्रचार रूढ झालेला दिसतो. तेव्हा मोज्यांना आजच्यासारखं इलॅस्टिक नसायचं, गुडघ्याखाली पट्टा बांधायचा, तो सैल झाला की मोजा खाली. म्हणजे 'तू ढिलाई केलीस' हा ठपका त्यात आधीच आहे. सहामाहीत घसरलेल्या पोराला चालेल, टार्गेट चुकलेल्या सेल्सवाल्यांना चालेल. बाप गेलेल्याला कसं चालेल?

'पुल युवरसेल्फ टुगेदर' आपल्या 'सावर स्वतःला'च्या जवळचं वाटतं. पण 'सावर' म्हणताना आपला हात समोरच्याच्या पाठीवर असतो. तिकडे हे म्हणणाऱ्याचे हात बहुतेक वेळा स्वतःच्या कमरेवर असतात. 'गेट अ ग्रिप' तर त्याहून तुटक. 'चिन अप' त्यातल्या त्यात मायेचं. 'नकल डाउन'चा सावरण्याशी काही संबंधच नाही. ते गोट्यांच्या खेळातलं, बोटाचं पेर जमिनीला टेकवून नेम धरायचा, म्हणजे आता गप कामाला लाग.

यादी मला नकोय, ती गाइडात आहेच. कोण कुणाला म्हणतं आणि ते कुठल्या मातीतून आलं, हे कुणाला नीट ठाऊक असेल तर लिहा. वर्गात वापरीन.

तांबडा_पांढरा

रुमाल टाकतो. रात्री सविस्तर.

खवचट_काकू

सुमेधा, छान धागा. आपल्याकडे मास्तर 'पुल अप युवर सॉक्स' म्हणायचे तेव्हा निम्म्या वर्गाच्या पायात मोजेच नसायचे, ते एक राहू दे. पण इंडियन इंग्लिशमध्ये नुसतं 'पुल अप' आलं की समजावं कुणाला तरी झापलंय. 'कोर्ट पुल्स अप कॉर्पोरेशन.' कॉर्पोरेशनचे मोजे मात्र जिथल्या तिथे.

तांबडा_पांढरा

आलो जेवून.

ताई, तुमच्या यादीत मुष्टियुद्धाचे वाक्प्रचार कसे नाहीत? खरी खाण तर तिथे आहे. ऑन द रोप्स, डाउन बट नॉट आउट, सेव्ह्ड बाय द बेल, थ्रो इन द टॉवेल, रोल विथ द पंचेस. आमचं घर कुस्तीतलं. आजोबा खासबागेत लढलेले, मी फक्त बघणारा. त्यामुळे हे वाचताना मला नेहमी एक गोष्ट खटकायची, नंतर उलगडली.

कुस्तीत पाठ मातीला लागली की संपलं. चीतपट. उठून पुन्हा लढायची सोय नाही, पुढची कुस्ती पुढच्या जत्रेत. म्हणून आपल्या भाषेत कुस्तीने दिलेले शब्द एक तर सुरुवातीचे आहेत, शड्डू ठोकणे, दंड थोपटणे, किंवा शेवटचे, चीतपट, धोबीपछाड, आस्मान दाखवणे. मधलं, म्हणजे पडलो आणि पुन्हा उभा राहिलो, असं काही कुस्तीने मराठीला दिलेलं मला तरी आठवत नाही. बॉक्सिंगमध्ये पडणं हा खेळाचाच भाग. पंच दहा आकडे मोजतो, तेवढ्यात उठलास तर चालू. त्यामुळे त्यांच्याकडे पडून उठण्याचे सगळे शब्द रिंगणातून आलेत. आणि यात ठपका नाही हे बघा. 'डाउन बट नॉट आउट' म्हणताना पडणाऱ्याला कुणी ढिला म्हणत नाही. समोरून ठोसा आला म्हणून तो पडला, बस्स.

तुमच्या त्या विद्यार्थ्याला धंद्यात खोट आलेल्या गिऱ्हाइकाला लिहायचं असेल तर हे चालेल. वारलेल्यांच्या पत्रात नको.

प्रूफवाचक

तांबडा_पांढरा, झकास मुद्दा. थोडी भर.

हे दहा आकडे १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांतले. तीन मिनिटांची फेरी, मध्ये एक मिनिट विश्रांती, पडल्यावर दहा सेकंद आणि हातमोजे, हे सगळं तिथून. त्याआधी उघड्या मुठींनी लढत. जॅक ब्रॉटनने १७४३ मध्ये नियम लिहिले, त्यात मंचाच्या मधोमध खडूने एक यार्डाचा चौकोन आखायचा होता. पडलेल्याला त्याच्या माणसांनी अर्ध्या मिनिटात तिथे आणून उभं करायचं, नाही जमलं तर तो हरला. पुढे चौकोनाची रेघ झाली. १८३८ च्या नियमांत तर तीस सेकंदांच्या विश्रांतीनंतर आठ सेकंदांत कुणाच्या मदतीशिवाय चालत रेघेपर्यंत यायची अट होती. 'कम अप टु स्क्रॅच' ते हे. आज त्याचा अर्थ 'अपेक्षित दर्जाला उतरणे' एवढाच उरलाय, आणि ऑफिसात ज्याला 'नॉट अप टु स्क्रॅच' म्हणतात त्याला कुणी ठोसे मारलेले नसतात (निदान दिसतील असे).

'सेव्ह्ड बाय द बेल'बद्दल एक गोष्ट फॉरवर्ड होत फिरते, की जिवंत माणूस चुकून पुरला जाऊ नये म्हणून शवपेटीतून वर घंटेला दोरी बांधायचे आणि त्यातून हा वाक्प्रचार आला. तशा पेट्यांची पेटंटं खरंच निघाली होती, पण वाक्प्रचाराचा त्यांच्याशी संबंध नाही. तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी बॉक्सिंगच्या बातम्यांतूनच येतो. फेरी संपल्याची घंटा वाजली आणि पडता पडता वाचला, इतकं साधं.

आणि हार कबूल करायला रिंगणात टॉवेल फेकतात ना ('थ्रो इन द टॉवेल'), त्या टॉवेलच्या आधी स्पंज फेकायचे.

लीड्सवासी

मी इथे रुग्णालयात नर्स आहे, म्हणून 'पुल युवरसेल्फ टुगेदर'बद्दल लिहिते.

मानसिक आजाराच्या माणसाला हे म्हणायचं नाही, हे आता इथे जवळपास सगळ्यांना कळतं. पोस्टर, माहितीपत्रकं, कुठेही बघा, 'काय म्हणू नये' या यादीत हे वाक्य असतंच. पण जुनी पिढी ते स्वतःलाच म्हणते. गेल्या हिवाळ्यात माझ्या वॉर्डात एक आजी होत्या, नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी केस विंचरून, लिपस्टिक लावून बसलेल्या. मी चहा घेऊन गेले तर डोळे भरले, आणि माझ्याकडे न बघता स्वतःलाच म्हणाल्या, 'कम ऑन, पुल युवरसेल्फ टुगेदर, विमन.' मग माझी माफी मागितली. माफी कशाची, तर रडू आल्याची.

इथे या वाक्प्रचारांना दोन रूपं आहेत असं मला वाटतं. स्वतःला म्हटलं तर ती हिंमत आहे, दुसऱ्याला म्हटलं तर दटावणी. सुमेधाताई, तुमच्या वर्गासाठी एवढंच पुरे होईल.

सांत्वनाच्या पत्रात वाक्प्रचार घालूच नयेत. 'आय ॲम सो सॉरी फॉर युवर लॉस', आणि धंद्यातला माणूस असेल तर 'प्लीज टेक ऑल द टाइम यू नीड, द ऑर्डर कॅन वेट'. दुसरं वाक्य खरं असेल तरच लिहावं.

सुमेधा_इचल

लीड्सवासी, धन्यवाद. 'द ऑर्डर कॅन वेट' वाचून आमचे निर्यातवाले कासावीस होतील, पण शिकवणार.

खवचट_काकू

मी एक काडी टाकते. या 'स्टिफ अपर लिप'चं इतकं कौतुक कशाला? रडू येताना थरथरतो तो खालचा ओठ आणि हनुवटी. वरचा ओठ ताठ ठेवून काय होणार? त्यांच्या साहेबांच्या मिशांमुळे वरचा ओठ तसाही दिसत नव्हता. दुसऱ्यांच्या देशांत जाऊन राज्य करायचं, आणि स्वतःच्या घरात कुणी मेलं तरी चहा प्यायचा.

प्रूफवाचक

काकू, राज्य केलंच, पण हा ओठ त्यांचा नाही. सापडलेले सगळ्यात जुने दाखले अमेरिकन आहेत, १८१५ मधल्या मॅसॅच्युसेट्सच्या एका वर्तमानपत्रात येतो. 'अंकल टॉम्स केबिन'मध्येही, म्हणजे १८५२ मध्ये, टॉमला निरोप देताना 'कीप अ स्टिफ अपर लिप' असं म्हटलंय. इंग्रजांनी तो नंतर उचलला आणि असा मिरवला की जगाला तो त्यांचाच वाटतो.

तीच गत 'कीप काम अँड कॅरी ऑन'ची. मगवर, टीशर्टवर, आपल्याकडे रिक्षाच्या मागेही दिसतं. लोकांना वाटतं हे वाचून लंडनने बॉम्बहल्ले सोसले. प्रत्यक्षात १९३९ मध्ये ब्रिटिश सरकारने या पोस्टरच्या सुमारे साडेचोवीस लाख प्रती छापल्या आणि मोठा हल्ला होईल तेव्हासाठी ठेवून दिल्या. हल्ले झाले तरी पोस्टर बाहेर आलंच नाही म्हणा. त्याच्याच जोडीचं दुसरं पोस्टर, 'युवर करेज, युवर चिअरफुलनेस, युवर रेझोल्यूशन विल ब्रिंग अस व्हिक्टरी', ते लागलं, आणि लोक भडकले. हिंमत आमची आणि विजय 'अस'चा, म्हणजे साहेबलोकांचा! पुढे कागदाची टंचाई झाली तेव्हा १९४० मध्ये 'कीप काम'च्या बहुतेक प्रती लगद्यात गेल्या. २००० मध्ये इंग्लंडातल्या ॲनिक नावाच्या गावात, जुन्या रेल्वे स्टेशनात चालणाऱ्या पुस्तकांच्या दुकानात, लिलावातून आणलेल्या पेटीच्या तळाशी एक प्रत सापडली. दुकानदाराने ती चौकटीत घालून लावली, गिऱ्हाइकं मागायला लागली, मग छापून विकायला काढली.

ज्या वाक्याने युद्धात कुणालाही धीर दिला नाही, ते आज धीराचं सगळ्यात खपाऊ वाक्य आहे.

खवचट_काकू

म्हणजे मी म्हणाले तेच. 'तुम्ही शांत राहा' हे वरून सांगितलं की लोक भडकणारच. +१ मलाच.

ओसाडगावचा_शास्त्री

'पुल युवरसेल्फ अप बाय युवर बूटस्ट्रॅप्स' कुणी घेतला नाही अजून. आज याचा अर्थ काय करतात? कुणाच्या आधाराशिवाय, स्वतःच्या हिमतीवर वर येणे. नेत्यांच्या भाषणात, स्टार्टअपवाल्यांच्या तोंडी सतत.

बुटाच्या मागे चामड्याचा एक फास असतो, बूट चढवताना ओढायला. आता त्या फासाला धरून स्वतःला जमिनीवरून उचलून बघा. होणार नाही. आणि वाक्प्रचार सुरुवातीला नेमका त्यासाठीच होता. १८३४ मध्ये अमेरिकेत एकाने आपोआप अखंड चालणारं यंत्र शोधल्याचा दावा केला, तेव्हा वर्तमानपत्राने टिंगल केली की हा गृहस्थ आता बुटाचे पट्टे धरून स्वतःला कंबरलँड नदीपलीकडे नेईल. म्हणजे 'अशक्य गोष्टीच्या बाता मारणे' असा मूळ रोख. विसाव्या शतकात त्याचा उपदेश झाला.

हे वाचलं आणि मला आमच्या शाळेची भिंत आठवली. मोठ्या निळ्या अक्षरांत सुविचार : 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे.' अख्ख्या महाराष्ट्रातल्या शाळांत हा आहे. तळात 'प्रयत्न करा, काहीही शक्य आहे' असा भाव. पण वामन पंडितांचा हा श्लोक म्हणजे भर्तृहरीच्या संस्कृत नीतिशतकातल्या श्लोकाचा अनुवाद, आणि तो चार चरणांचा आहे. वाळूतून तेल निघेल, मृगजळ पिऊन तहान भागेल, रानात हिंडता हिंडता सशाचं शिंगही सापडेल, 'परंतू मूर्खाचें हृदय धरवेना क्षणभरी'. म्हणजे या तिन्ही अशक्य गोष्टी एक वेळ होतील, पण मूर्खाची समजूत घालता येणार नाही! प्रयत्नाची महती त्यात कुठेच नाही, तो 'मूर्खपद्धती'तला, म्हणजे मूर्खांवरच्या भागातला श्लोक आहे. शाळांनी पहिला चरण कापला आणि भिंतीवर लावला.

दोन भाषा, दोन खंड, आणि दोघांनीही अशक्याचा दाखला घेऊन पोरांना 'बघ, जमेल' म्हणून शिकवला. माझा राग यावर आहे. गाळात रुतलेल्याला काठावरून कुणी 'बूटस्ट्रॅप' म्हणून ओरडतो, तेव्हा तो हात पुढे करायचं टाळत असतो. कॉलेजात फी भरायला पैसे नव्हते तेव्हा मला अर्धा चरण ऐकवणारे पुष्कळ भेटले. फी एका नातेवाइकाने भरली, आणि त्याने कुठलाही सुविचार सांगितला नाही.

(अवांतर : संगणक 'बूट' होतो तो याच बूटस्ट्रॅपवरून. सुरू व्हायला प्रोग्रॅम हवा, आणि प्रोग्रॅम चढवायला मशीन सुरू हवं.)

तांबडा_पांढरा

शास्त्रीबुवा, _/\_. शाळेतल्या भिंतीवर उरलेले तीन चरण रंगवून द्यायला वर्गणी काढू या.

लीड्सवासी

खरंच सुंदर प्रतिसाद.

वसईचा_पाव

'गर्ड युवर लॉइन्स' किंग जेम्स बायबलमुळे इंग्रजीत घट्ट बसलं. १६११ चं भाषांतर. ईयोबाला देव म्हणतो, पुरुषासारखी कंबर कस, मी विचारतो, तू उत्तर दे. त्या काळी पायघोळ झगे, पळायचं किंवा लढायचं म्हटलं की सोगा वर उचलून पट्ट्यात खोचायचा. इंग्रजांनी तसे झगे कधीच सोडले होते, त्यामुळे त्यांना हे पुस्तकी वाटतं आणि आज तिकडे बहुधा थट्टेनेच म्हणतात.

आपल्याला मात्र ते समजवावं लागत नाही. आमच्या चर्चमध्ये पेत्राच्या पहिल्या पत्रातलं 'आपल्या मनाची कंबर बांधून' हे वाचन झालं की बायांना लगेच कळतं. पदर खोचल्याशिवाय लग्नघरचं कुठलं काम सुरू झालंय? यात कुणी वरचा-खालचा नाही, दुःखही नाही. पुढे काम पडलंय, हात मोकळे कर, एवढंच. आमच्याकडे मोठं कार्य असलं की माझी मावशी अंगणात उभी राहून आधी लुगड्याचा ओचा आवळायची आणि मगच पहिली शिवी द्यायची. त्यानंतर मंडपवाल्याची बिशाद नव्हती उशीर करायची.

सुमेधा_इचल

वसईचा_पाव, मावशींना नमस्कार. हा माझ्या वर्गात चालेलच.

'बाइट द बुलेट' राहिलं. एका विद्यार्थ्याचं ठाम म्हणणं आहे की ते १८५७ च्या काडतुसांवरून आलं. दाताने तोडायची ती गाय-डुकराच्या चरबीची काडतुसं.

प्रूफवाचक

सांगायला छान आहे, पण जुळत नाही. तेव्हा दाताने तोडायचं ते काडतुसाचं कागदी वेष्टण, गोळी नव्हे. आणि शिवाय दाखला त्याच्या आधीचा आहे. ग्रोस नावाच्या कोशकाराने बोलीभाषेचा कोश केला, त्याच्या १७९६ च्या आवृत्तीत लिहिलंय की फटक्यांची शिक्षा भोगताना ओरडायचं नाही ही काही पलटणींत इभ्रतीची गोष्ट होती, म्हणून शिपाई गोळी चावत. जवळपास आजच्या रूपात तो किपलिंगच्या १८९१ च्या कादंबरीत येतो. किपलिंग मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात जन्मलेला, तेवढाच आपला संबंध.

वापराबद्दल सांगायचं तर यात सावरणं नाही, टाळत आलेली नकोशी गोष्ट एकदाची करून टाकणं आहे. दर वाढवल्याचं गिऱ्हाइकाला कळवायचंय, तेव्हा 'वुई हॅव टु बाइट द बुलेट'. आपलं 'मनावर दगड ठेवून'.

खवचट_काकू

आणि आपला 'पुनश्च हरिओम' विसरलात सगळे! वेदपठणाच्या सुरुवातीला आणि शेवटी हरिः ओम् म्हणतात, खंड पडला तर पुन्हा हरिः ओम् म्हणून सुरू करायचं. राजद्रोहाच्या पहिल्या शिक्षेनंतर टिळकांनी केसरीची सूत्रं परत हाती घेतली तेव्हा अग्रलेखाचं नावच ते होतं. २०२० मध्ये टाळेबंदी उठवताना सरकारने इंग्रजीत 'मिशन बिगिन अगेन' म्हटलं आणि मराठीत 'पुनश्च हरिओम'. मराठीतलं मला जास्त बरं वाटतं. कुठे पडलो, का पडलो, काही चौकशी नाही. खंड पडला होता, आता सुरू.

शेक्सपिअरच्या हेन्री राजाचं 'वन्स मोअर अन्टू द ब्रीच'ही आहे म्हणा, पण मराठी माणसाला 'वन्स मोअर' म्हटलं की वेढा आठवत नाही, नाट्यपद आठवतं.

लीड्सवासी

काकू :)) इथे सोमवारी वॉर्डात शिरताना आमची सिनिअर तेच म्हणते, 'वन्स मोअर अन्टू द ब्रीच, डिअर फ्रेंड्स.' शेक्सपिअरने ते हार्फ्लरच्या तटाला पडलेल्या खिंडारात सैनिकांना पुन्हा घुसवायला लिहिलं, इथे ते बेडपॅनच्या फेरीला चालतं. 'डिअर फ्रेंड्स'मुळे खपतं. राजा स्वतः त्यांच्याबरोबर आहे ना.

पिंपरी_डिझाइन

उशिरा आलो. आमच्या ऑफिसात रोज चालणारा एक टाकतो, 'बॅक टु द ड्रॉइंग बोर्ड'.

हा व्यंगचित्रातून आला. न्यूयॉर्कर, १ मार्च १९४१, चित्रकार पीटर आर्नो. विमान कोसळून नाक जमिनीत घुसलंय, लष्करी लोक, मदतीची गाडी, सगळे तिकडे धावतायत, आणि सुटाबुटातला एक माणूस काखेत नकाशांची गुंडाळी मारून उलट दिशेने शांतपणे निघालाय. खाली ओळ : 'वेल, बॅक टु द ओल्ड ड्रॉइंग बोर्ड.'

गंमत अशी की चित्रात तो माणूस निर्लज्ज आहे, तिकडे पायलटचं काय झालं याची त्याला पडलेली नाही. आम्ही मात्र हे प्रामाणिकपणे वापरतो. फिक्स्चर चाचणीत बसलं नाही, कस्टमरने नापास केलं, साहेब म्हणतात बॅक टु द ड्रॉइंग बोर्ड, आणि कुणालाही राग येत नाही. कारण दोष भागाचा, माणसाचा नाही. सुमेधाताई, तुमच्या निर्यातवाल्यांना नमुना नाकारला गेल्यावर गिऱ्हाइकाला लिहायला हेच द्या : 'वुई आर गोइंग बॅक टु द ड्रॉइंग बोर्ड अँड विल सेंड अ फ्रेश सॅम्पल बाय फ्रायडे.' फक्त तारीख पाळायला सांगा.

सुमेधा_इचल

हा उद्याच फळ्यावर. आणि शुक्रवारच्या ऐवजी सोमवार लिहायला लावते, इथे शुक्रवारी लाइटची सुट्टी असते.